खुंटीवरचं जाळं

फौजेतून मी घरी आलो तेव्हा आमच्या गावाला दोनच प्रकारचे फौजी माहीत होते. एक सुट्टीवर आलेला आणि दुसरा पेन्शनीवर आलेला. मी दोन्हींत बसत नव्हतो, आणि गावाला माझं काय करावं ते कळेना.

चांद्याकडच्या मूल गावाच्या पलीकडे, जंगलाला पाठ लावून आमचं गाव. भोवती धानाच्या बांध्या, वरच्या अंगाला जुना मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. मी पेटी डोक्यावर घेऊन पाळीवरून उतरलो, तेव्हा खाली जाळी वाळवत बसलेल्यांनी मला मधेच अडवलं.

"सुट्टी किती दिसाची?"

"सुट्टी नाई. घरीच आलो."

"मंग काढून टाकलं का?"

"नाई. नाव हाय पलटनीत."

"नाव पलटनीत अन् तू इथी?"

आता यांना काय सांगायचं? मी उभ्याउभ्या समजावून पाहिलं. फौजेतली आपली वर्षं भरली की शिपायाला घरी सोडतात, पण पुढची काही वर्षं त्याचं नाव राखीव फौजेत ठेवतात. त्यानं घरी राहावं, शेती करावी, मासे धरावे. एका वर्षाआड दोन महिने छावणीत जाऊन हात साफ करून यावा. आणि लढाई लागलीच, तर हातातलं काम टाकून पलटनीत हजर व्हावं. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की मला जंगल खात्यानं ठेवून घेतलंय, कारण आमच्याकडे राखीव म्हणजे सरकारी जंगल, आणि त्याच्या वाटेला गेलं की मार खायचा. काही दिवस बाया मला बघून डोक्यावरच्या मोळ्या लपवत. मला हसू यायचं आणि रागही यायचा. मी तसा लवकर तापणारा माणूस आहे, बायकोनं हे आयुष्यभर ऐकवलं आहे.

फौजेतलं माझं काम पुलाचं. मोठी लढाई संपत आली होती तेव्हा मी भरती झालो. भरतीच्या साहेबानं विचारलं, काय येतं? म्हटलं, नाव चालवता येते, पाण्यात उभं राहता येते. त्यानं मला पूल बांधणाऱ्यांत टाकलं. नदीत होड्या शेजारी शेजारी लावायच्या, साखळ्यांनी जखडायच्या, वर फळ्या अंथरायच्या, आणि त्यावरून गाड्या पार झाल्या की सगळं उचलून पुढच्या नदीवर न्यायचं. आपण बांधलेला पूल आपणच मोडायचा. माझी तरणी वर्षं त्यात गेली. या काळात आई वारली. बाप आधीच गेलेला होता. लग्न एका सुट्टीत झालं आणि बायको दुसऱ्या सुट्टीत ओळखीची झाली. घरी आलो तेव्हा आम्ही दोघंच होतो, आणि दोघांनाही एकमेकांची सवय नव्हती.

आमच्या पुऱ्यात, म्हणजे ढिवरांच्या वस्तीत, प्रत्येक घराच्या पडवीत, दाराच्या बाजूला एक खुंटी असते. तिच्यावर त्या घरच्या माणसाचं जाळं. मुलगा हाताशी आला की स्वतःचं जाळं स्वतः विणतो, ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवतो, खाली मातीच्या भाजक्या गोळ्या बांधतो, आणि ते खुंटीवर चढलं की तो पुऱ्यात माणूस म्हणून धरला जातो. ते जाळं मरेपर्यंत त्याचं. मेल्यावर घरचे ते खाली उतरवतात, तलावात नेऊन खोल पाण्यात सोडतात, आणि खुंटी रिकामी राहते. त्यामुळे आमच्याकडे कुणाच्या घरी जाताना आधी खुंटी बघायची आणि मग हाक मारायची. मी फौजेत होतो तेवढी वर्षं माझं जाळं आईनं आणि तिच्यामागं बायकोनं जपलं. पावसाळ्यात कडुनिंबाचा धूर द्यायच्या, उंदरांपासून राखायच्या.

होळी सरली, तलाव आटत आला की एक दिवस ठरतो. त्या दिवशी पुऱ्यातले सगळे पुरुष एका रांगेत पाण्यात उतरतात. संध्याकाळी पाळीवर पळसाची पानं मांडून त्यावर मासळीचे वाटे पडतात. घरटी एक वाटा नाही, जाळ्याला एक वाटा. ज्याचं जाळं त्या दिवशी ओलं झालं त्याला वाटा. माणूस आजारी असेल तर त्याचं जाळं भाऊबंद पाण्यात नेतो आणि वाटा पडतो. कुणी गावाच्या कामासाठी, तलावाच्या कज्ज्यासाठी म्हणा, चांद्याच्या कचेरीत गेला असेल तरी त्याचं जाळं ओलं करतात. पण जो आपल्या पोटासाठी बाहेर गेला, माजरीच्या कोळसा खाणीवर किंवा बल्लारपूरच्या लाकडाच्या कामावर, त्याचं जाळं कोरडं राहतं. यात दुष्टपणा काही नव्हता. तलावाची राखण, पाळीची दुरुस्ती, पावसाळ्यातली जागल जे करतात, मासळी त्यांची. फौजेत होतो तेव्हा मला वाटा नव्हता आणि त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

हे सगळं बघणारा म्हातारा म्होरक्या होता. उंच, वाकलेला, कानात बाळी आणि बोलायला कंजूष. पावसाळ्यात पाळीला धोका झाला की वाजवायचा ढोल त्याच्याच पडवीत, त्याच्या खुंटीखाली टांगलेला असे. सगळे त्याला भाऊ म्हणत, त्याच्याहून मोठं कुणी उरलंच नव्हतं. घरी आलो त्या वर्षी मी रांगेत उतरलो, माझं जाळं ओलं झालं, आणि त्यानं स्वतः माझ्या पानावर मरळ ठेवली. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात छावणीचं बोलावणं आलं. मी बायकोला सांगितलं, "तलावाच्या दिवशी जाळं पाळीवर ने, भाऊले म्हन, ओलं करा." तिनं मान डोलावली. मूलहून छोट्या गाडीनं चांद्याला, तिथून मोठ्या लाइनीनं माजरी, वरोरा, वर्धा, आणि मग पुण्याकडची गाडी. त्या प्रवासात मी कधी कुणाशी बोलल्याचं आठवत नाही. ज्यांच्या संगतीत मी फौजी होतो ते सगळे विखुरले होते, आणि ज्यांच्या संगतीत ढिवर होतो ते मागे राहिले होते. मधल्या वाटेवर मी कुणीच नसे.

राखीव फौजेची छावणी बघण्यासारखी असते. देशभरातून बाप्ये गोळा होतात. कुणाला पोट सुटलेलं, कुणाचे दात पडलेले, कुणी शेत अर्धं नांगरून आलेला, कुणी बाळंतीण बायको टाकून. भांडारातून मिळालेला गणवेश कुणाच्याच अंगाला बसत नाही. शेजारच्या बराकीतली नवी पोरं आम्हाला "बुढ्ढी पलटन" म्हणत. जुने सोबती भेटतील म्हणून जावं, तर त्यांना दुसऱ्याच तुकडीत दुसऱ्याच वर्षी बोलावलेलं. सगळे एकमेकांना अनोळखी, सगळ्यांच्या मनात घर. दिवसा होड्या ओढायच्या, संध्याकाळी चुपचाप बसायचं. मात्र पहाटे शिटी वाजली की हीच पोटं आत जात, हेच गुडघे वाळूत पळत, आणि विसरलेल्या गाठी हातांना आपोआप आठवत. हे मी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल कुणी आम्हाला हसलं की मला अजूनही तिडीक येते.

तिथं कोकणातला एक खारवी, दर्यावर मासे धरणारा, माझा जोडीदार झाला. होडीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. त्याला तळ्यातली मासळी ऐकूनच हसू यायचं. म्हणायचा, "अरे, ज्या पाण्याचा पलीकडचा काठ दिसतो, ते कसलं पाणी?" मी त्याला आमच्या तलावाचा दिवस सांगितला. त्यानं त्याच्या घरच्या होडीबद्दल सांगितलं. निघताना म्हणाला, पुढच्या बोलावण्याला तुझ्यासाठी सुके बोंबील आणतो. तेवढा एक माणूस मला तिथं मिळाला.

घरी परत आलो. पडवीत शिरताना हात जाळ्यावरून फिरला आणि मी थांबलो. जाळं कोरडं होतं. ते तर असणारच, दिवस गेले होते. पण तलावाच्या चिखलाचा वास त्याला नव्हता. गोळ्यांवर धूळ होती. बायको आत चूल फुंकत होती, ती फुंकतच राहिली.

"वाटा?"

"नाई भेटला." मग माझ्याकडे न बघता, "म्या पान घेऊन बसली होती पाळीवर. सगळ्यायचे वाटे पडले. मंग उठून आली."

बस, एवढंच. मला ती रिकामं पान हातात घेऊन पाळीवरून उतरताना दिसली, सगळ्या बायांच्या देखत, आणि माझं डोकं फिरलं. तसाच उठलो आणि म्हाताऱ्याच्या घरी गेलो. तो पडवीत जाळ्याला ठिगळ लावत होता.

"भाऊ, माहं जाळं कोरडं काऊन ठेवलं?"

"तू पगारावर गेलता."

"म्या खानीवर नाई गेलतो. मले बोलावलं होतं."

"कोनासाठी गेलता?"

"देसासाठी."

त्यानं सुई थांबवली. चिडला नव्हता, खरंच विचारत होता. "देस कुठी हाय बापू? तलाव त इथी हाय."

फौजेत इतकी वर्षं काढली, इतक्या नद्यांवर पूल टाकले, आणि या एका प्रश्नाला माझ्याकडे शब्द नव्हता. शब्द नसला की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. म्हटलं, ठेवा तुमचा तलाव, मी पुन्हा त्यात उतरणार नाही. म्हाताऱ्यानं दातानं सूत तोडलं आणि पुढची गाठ घेतली.

मी बोललो ते पाळलं. पुढच्या वर्षी घरी असूनही तलावाच्या दिवशी मी उतरलो नाही. दार लोटून आत बसलो. पाळीवरचा आरडाओरडा, मोठी मासळी लागली की उठणारी हाळी, पोरांची पळापळ, सगळं ऐकू येत होतं. बायको भिंतीला टेकून बसली होती. मला वाटत होतं की कुणीतरी बोलवायला येईल. आलं असतं तर मी गेलो असतो. कुणी आलं नाही. आपल्याच गावात, आपल्याच घरात मी त्या दिवशी जितका एकटा होतो, तितका कुठल्या परमुलुखातल्या नदीवरही नव्हतो.

त्याच पावसाळ्यात, श्रावणात, भर दुपारी ढोल वाजला. मी धानाच्या बांधीत रोवण्याला होतो. आमच्या गावात तो ढोल लहानपणापासून रक्तात असतो. तो वाजला की घरटी पुरुषानं हातातलं टाकून पाळीवर पळायचं. कुणी जेवत असेल तर हात न धुता, कुणी तापानं फणफणला असेल तरी गोधडी फेकून. रोप हातातून कधी सुटलं ते मला कळलंही नाही. पाळीवर पोचलो तर जुन्या मोहाच्या बुंध्याखालून पाणी झिरपत होतं आणि माती सुटत होती. आम्ही पाण्यात छातीभर उभे राहिलो, अंगाला अंग लावून, आणि मागून येणारे तणसाचे पेंढे, मातीची पोती त्या जागी दाबत गेलो. माझ्या खांद्याला कुणाचा तरी हाडकुळा खांदा घासत होता. पाणी थांबल्यावर बघितलं तर तो म्हातारा.

वर आलो तेव्हा दोघंही कुडकुडत होतो. त्यानं कमरेच्या डबीतून तंबाखू काढला.

"तू त तलाव सोडला होता नं? मंग काऊन आला?"

"ढोल वाजला म्हून आलो."

मी तुसडेपणानंच बोललो, दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंही. त्यानं तंबाखूतला अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि आपल्या घराकडे गेला. मीही माझ्या घरी आलो. समेट झाला असं मी धरलं नाही, कारण माझी अढी तशीच होती.

उन्हाळा लागता लागता पुन्हा बोलावणं आलं. पेटी भरताना माझी नजर खुंटीकडे गेली. यंदाही ते जाळं तिथं कोरडं लटकणार, यंदाही माझी बायको सगळ्यांच्या नजरेखाली पाळीवर जाणार किंवा न जाता घरात कोंडून घेणार. मला ते सहन होईना. मी जाळं उतरवलं, गुंडाळलं आणि पेटीत घातलं.

"कुठी नेता?" बायकोनं विचारलं.

"माह्यासंगं. जाळंच नाई त कोनी कोरडं म्हननार नाई."

दारात उभी राहून ती माझ्याकडे नाही, खुंटीकडे बघत होती. मला गाडी गाठायची होती, आणि आपण फार हुशारीचं काम केलं अशा तोऱ्यात मी पाळ चढलो.

छावणीत पेटीची तपासणी झाली तेव्हा हवालदार पोट धरून हसला. "ये क्या लाया? दुश्मन को मछली समझा क्या?" सगळी बराक हसली. मीही हसलो. मनात म्हटलं, आमचा खारवी आला की त्याला दाखवू, तो तरी जाळ्याची वीण बघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली. कारकून नावं वाचत होता, एकेक जण ओरडून हजर म्हणत होता. खारव्याचं नाव आलं. कुणी उत्तर दिलं नाही. कारकुनानं पुन्हा वाचलं. सगळे समोर बघत उभे होते. मग त्यानं पुढचं नाव घेतलं.

नंतर मी विचारायला गेलो. "नहीं आया," कारकून म्हणाला. का नाही आला? त्याला माहीत नव्हतं. आजारी पडला, राखीव वर्षं संपली, की त्याला ज्याचा काठ दिसत नसे त्या पाण्यानं ठेवून घेतलं, सांगणारं कुणीच नव्हतं. आम्हा राखीववाल्यांचं असंच असायचं. लढाईत पडलेल्याची वार्ता गावाला जाते. गावात पडलेल्याची वार्ता पलटनीला येत नाही. माझं सांगायचं तर, ती सगळी वर्षं मी पेटी भरून वाट बघितली, आणि मला लढाईला कुणी बोलावलंच नाही. पुढे मुदत संपल्याचा कागद आला तेव्हाही मला कळेना की सुटलो म्हणावं की राहून गेलो म्हणावं. पण तयार राहणं हेही काम असतं. रोज सकाळी उठून आपण आज बोलावले जाऊ शकतो हे मनात ठेवून बैल जुंपणं सोपं नाही. ते काम माझ्यासारख्या कितींनी केलं आणि ते कुणाला दिसलं नाही, कारण ते दिसायची वेळ आली नाही.

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी मी जाळं घेऊन एकटाच नदीवर गेलो. फेकलं. चार बारकी मासळी आली, ती सोडून दिली. ओलं जाळं हातात धरून काठावर बसलो आणि खारव्याच्या नावानंतरची ती शांतता पुन्हा कानात आली. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला की मी घरी काय करून आलो आहे. मी खुंटी रिकामी करून आलो होतो. रिकामी खुंटी आमच्याकडे एकाच घराची असते. जी वाट चालताना आधी खुंटी बघून मग हाक मारतात, त्या वाटेवर मी माझ्या जित्याजागत्या बायकोला विधवेच्या पडवीत बसवून आलो होतो. ती दारात उभी राहून तेच बघत होती. आणि तिनं ते तोंडातून काढलं नाही, कारण असलं अभद्र बोलायचंही नसतं.

रजा मागितली. हवालदारानं कारण विचारलं. काय सांगणार? खुंटीवर जाळं टांगून येतो? मी सलाम ठोकून परत फिरलो. उरलेले दिवस मी होड्या ओढल्या, फळ्या वाहिल्या, आणि घास गिळताना रोज ती खुंटी दिसत राहिली.

सुटलो ते तडक घरी आलो. जेठ महिन्याचं ऊन होतं. मूलपासून पायी येताना वाटेत कुणी भेटलं की मी त्याचं तोंड बघायचो, माझ्याकडे दचकून बघतो की काय म्हणून. पाळीवरून खाली उतरलो आणि आधी माझी पडवी बघितली.

खुंटीवर जाळं होतं.

घरात कुणी नव्हतं, बायको पाण्याला गेली असावी. मी जवळ गेलो. जाळं माझं नव्हतं. गोळ्या मोठ्या, सूत काळं पडलेलं, जागोजागी वेगळ्या सुताची ठिगळं. त्यातलं एक ठिगळ मी ओळखलं, माझ्यासमोर दातानं सूत तोडून ते लावलेलं होतं. गोळ्यांना तलावाचा वाळलेला चिखल चिकटला होता. म्हाताऱ्याचं जाळं माझ्या खुंटीवर काय करतंय? माझ्या तापट डोक्यात पहिला विचार आला तो वाईटच आला, की मी नसताना माझं घर यानं आपलं म्हणून धरलं की काय. मी पेटीतून माझं जाळं काढून पडवीत ठेवलं, म्हाताऱ्याचं खुंटीवरून उतरवलं, ते खांद्यावर टाकलं आणि जाब विचारायला निघालो.

त्याच्या पडवीत त्याची म्हातारी बायको एकटीच बसली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि सवयीनं आधी खुंटी बघितली.

खुंटी रिकामी होती. खाली नुसता ढोल टांगलेला होता.

"ऊन लागलं त्यायले," म्हातारी म्हणाली. "तलावाच्या दिसानंतर. दोन दिस बी नाई काढले."

मी खाली बसलो. खांद्यावरचं जाळं मांडीवर आलं. म्हातारी त्याच्यावरून हात फिरवत बोलत राहिली. मी गेल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी म्हातारा आमच्या घरावरून जात होता. खुंटी बघून तो थांबला. माझी बायको आत होती, तिचं रडणं त्याला ऐकू आलं. तो घरी आला, आपलं जाळं उतरवलं आणि नेऊन माझ्या खुंटीवर टांगलं. तलावाच्या दिवशी ते तिथून उचलून त्यानं पाण्यात नेलं आणि वर येऊन सगळ्यांना सांगितलं, हे त्या फौजीचं जाळं आहे, वाटा त्याचा टाका. त्याला स्वतःला वाटा पडला नाही. त्याच्या नावाचं जाळं त्या दिवशी ओलं झालं नव्हतं.

"म्या भांडली," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, थो त पगारावर गेला, तुमीच म्हनत होते. मंग त्याच्यासाठी आपली खुंटी काऊन रिकामी करता? त मले म्हने, ढोल वाजला म्हून गेला थो. आपन नाई का जात पाळीवर? म्हने, त्याचा ढोल दूर वाजते, आपल्याले आयकू येत नाई, एवढंच."

मला वर बघवेना.

"मरताना म्हने, थो येईपर्यंत जाळं तिथून काढू नोका. पोरं म्हनत होती, बाप पान्यात नाई गेला अजून. म्या म्हटलं, थांबा." तिनं हात मागे घेतला. "आता तू आला. तूच सोड."

जाळं खांद्यावर घेऊन मी पाळ चढलो. त्याचे दोन्ही मुलगे मागून आले, पण पाण्यात मी एकटाच उतरलो. तलाव तळाला गेला होता. मधल्या डोहाकडे चालत गेलो, पाणी गळ्याला लागलं तेव्हा थांबलो. जाळं पसरून सोडलं. गोळ्यांच्या वजनानं ते हळूच खाली गेलं. मला त्याला काही सांगायचं होतं, आणि या वेळीही मला शब्द सापडला नाही.

घरी आलो तेव्हा बायकोनं माझं जाळं खुंटीवर टांगलेलं होतं. तिनं कोपऱ्यातल्या मडक्यावरची परळी काढली. आत मीठ लावून वाळवलेली मरळ होती, तुकडा न मोडलेली. दोन महिने ती त्या घरात एकटी राहिली होती आणि तिनं त्या मरळीला हात लावला नव्हता.

"तुमचा वाटा," ती म्हणाली.

मी ताटावर बसलो. पहिला घास उचलून बाजूला ठेवला, आमच्यात गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. तिनं तो पाहिला आणि दुसरा घास त्याच्याशेजारी तिनं ठेवला. तो खारव्यासाठी होता असं मी मनात धरलं, कारण त्याच्यासाठी कुठं कुणी ठेवला असेल की नाही ते मला कधीच कळणार नव्हतं.